सर्व्हर गोठला? पॉवर बटणाला हात लावायच्या आधी हे करा

रात्री पावणेदोनला ऑपरेटरचा फोन आला की मला कळतं काय झालंय ते. "सर, सर्व्हर हलंना झालाय की ओ," एवढंच वाक्य, आणि मागे लूमचा खडखडाट. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात मी सर्व्हर सांभाळतो. दोन सॉकेटचं म्हणजे दोन प्रोसेसरचं मशीन आहे, प्रत्येक सॉकेटमध्ये ८ कोअर, हायपरथ्रेडिंग (एक कोअर दोन सीपीयूंसारखा दाखवणारी सोय) धरून लिनक्सला ३२ सीपीयू दिसतात, आणि त्यावर ईआरपी (कारखान्याचा सगळा हिशोब ठेवणारं सॉफ्टवेअर), डेटाबेस, सगळा संसार. मागच्या वर्षीच्या उन्हाळ्यात मार्च ते मे हे मशीन सहा वेळा गोठलं. पहिल्या चार वेळा मी तेच केलं जे सगळे करतात, पॉवर बटण दाबून धरलं, चालू झालं, जाऊन झोपलो. सकाळी लॉग बघावा तर त्यात काहीच नाही, १ वाजून ४० पर्यंत सगळं ठीक आणि एकदम बूटची पहिली ओळ.

लॉकअपचा, म्हणजे या गोठण्याचा, पुरावा मशीन गोठलेलं असतानाच मिळतो, बटण दाबलं की पुसला गेला, हे मला पाचव्या वेळी सुचलं. तोपर्यंत रॅमचे पैसे गेले होते. तुमचं तसं होऊ नये म्हणून क्रमानं लिहितोय. सगळं लिनक्सबद्दल आहे. कमांडची आणि सेटिंगची नावं उच्चारावरून लिहिलीत, टाइप करताना तुम्हाला कळतीलच.

आधी हाताशी काय काय पाहिजे

- बीएमसीचा आयपी आणि पासवर्ड. बीएमसी म्हणजे मदरबोर्डवरचा तो छोटा वेगळा कॉम्प्युटर, मेन मशीन मेलं तरी हा जागा असतो. पासवर्ड आत्ताच टाकून बघा, बऱ्याच ठिकाणी तो सर्व्हर बसवून गेलेल्या माणसालाच माहीत असतो आणि त्यानं नंबर बदललेला असतो.
- त्याच नेटवर्कवर दुसरा कुठलाही चालू पीसी, जुनाट चालेल.
- साधा यूएसबी कीबोर्ड आणि मॉनिटर, सर्व्हरला कायम जोडलेला.
- कर्नलचं (म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचं) व्हर्जन, बायोस आणि बीएमसीचं फर्मवेअर, रेड कार्डचं (अनेक डिस्क एकत्र चालवणारं कार्ड) फर्मवेअर आणि ड्रायव्हर, मशीनचा सिरियल नंबर, वॉरंटीची तारीख. हे कागदावर लिहून रॅकच्या दाराला आतून चिकटवा. मशीन गोठल्यावर यातलं काहीही मशीनमधून वाचता येत नाही, हे तेव्हाच लक्षात येतं.
- मल्टीमीटर, ब्लोअर, मऊ ब्रश, स्क्रूड्रायव्हर.
- एक वही. कितीला गोठला, काय काम चालू होतं, रूम किती गरम होती, लाइट गेली होती का. माझं कोडं शेवटी वहीनंच सोडवलं.

१. गोठलाय म्हणजे नक्की किती गोठलाय ते बघा

"हँग झाला" या शब्दात चार-पाच वेगवेगळे आजार बसतात. दोन मिनिटांत हे तपासा.

कीबोर्डवरचं नमलॉक दाबा. दिवा चालू-बंद होत असेल तर कर्नलला कीबोर्डचे इंटरप्ट, म्हणजे "इकडं बघ" असे इशारे, मिळतायत, म्हणजे निदान एक सीपीयू तरी शुद्धीवर आहे. दिवा हलत नसेल तर प्रकरण गंभीर.

मग दुसऱ्या पीसीवरून पिंग करा, म्हणजे नेटवर्कवरून हाक मारून उत्तर येतंय का बघा. पिंगला उत्तर येतंय पण एसएसएच लॉगिन (नेटवर्कवरून मशीनमध्ये शिरणं) होत नाही असं खूप वेळा दिसतं, आणि नवीन माणूस तिथंच फसतो, "पिंग चालू आहे म्हणजे सर्व्हर चालू आहे, तुमच्याच सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम." तसं नसतं. पिंगचं उत्तर कर्नल आतल्या आत देतं, त्याला कुठला प्रोग्राम चालायची गरज नाही. पिंग चालू आणि लॉगिन बंद म्हणजे कर्नल अर्धवट जागं आहे पण प्रोग्रामना पुढं सरकता येत नाही, डिस्क अडकलीय किंवा मेमरी संपलीय किंवा काही सीपीयू अडकलेत.

पिंग नाही, नमलॉक नाही, स्क्रीनवर शेवटचं चित्र तसंच थिजलेलं, तर बीएमसीत जाऊन बघा. बीएमसी पण उत्तर देत नसेल तर आधी स्विच आणि लाइट बघा, उगीच कर्नलच्या मागं लागू नका.

२. मेसेज ओळखायला शिका

स्क्रीनवर किंवा लॉगमध्ये लॉकअपचे चार प्रकारचे मेसेज येतात आणि लोक चारही एकाच माळेत ओवतात.

सॉफ्ट लॉकअप: "बग: सॉफ्ट लॉकअप, सीपीयू ११ स्टक फॉर २२ एस" असलं काहीतरी. एखादा सीपीयू कर्नलच्या कोडमध्ये २० सेकंदांपेक्षा जास्त अडकून बसला आणि दुसऱ्या कुणाला संधीच देईना, असा अर्थ. सीपीयू अडकलाय का यावर लक्ष ठेवणारा कर्नलचा पहारेकरी म्हणजे वॉचडॉग, त्याचं वॉचडॉग थ्रेश हे सेटिंग मुळात १० सेकंदांचं असतं, सॉफ्टसाठी त्याची दुप्पट. मेसेजमध्ये २२ किंवा २३ दिसतं म्हणून त्या आकड्यात काही गुपित शोधू नका, तपासणी थोड्या थोड्या वेळानं होते म्हणून तो तसा येतो.

हार्ड लॉकअप: सीपीयू इंटरप्ट बंद करून १० सेकंद बसला. हा ओळखायला एनएमआय लागतो, म्हणजे बंद न करता येणारा इंटरप्ट. हा मेसेज दिसला तर ड्रायव्हर, फर्मवेअर किंवा हार्डवेअर यांच्यावर माझा संशय आधी जातो.

हंग टास्क: "टास्क अमुक ब्लॉक्ड फॉर मोअर दॅन १२० सेकंद". इथं सीपीयू अडकलेला नसतो, प्रोग्राम डिस्कची किंवा कुठल्या तरी लॉकची वाट बघत डी स्टेटमध्ये झोपलाय. सीपीयू रिकामे, लोड ॲव्हरेज (खोळंबलेल्या कामांचा आकडा) २००, असलं विचित्र दृश्य दिसतं. यात एक खोडी आहे, हा मेसेज मुळात दहाच वेळा छापला जातो, मग कर्नल गप्प बसतं. "नंतर मेसेज आले नाहीत म्हणजे सुटलं" असं समजू नका. हंग टास्क वॉर्निंग्ज हे सेटिंग उणे एक केलं की मर्यादा निघते.

आरसीयू स्टॉल: आरसीयू ही सगळ्या सीपीयूंकडून हजेरी घेत राहणारी कर्नलची आतली यंत्रणा. एखादा सीपीयू बराच वेळ कर्नलला "मी इथं आहे" असं कळवत नाही तेव्हा येतो. मूळ कर्नलमध्ये २१ सेकंद, काही डिस्ट्रोंमध्ये (लिनक्सच्या तयार आवृत्त्यांमध्ये) ६०. बहुतेक वेळा वरच्या पहिल्या दोनपैकी कुणाचा तरी हात धरून येतो.

३. पुढच्या वेळेसाठी सापळा लावून ठेवा

आज गोठला, रीस्टार्ट केला, झालं ते झालं. पण एकदा गोठलेला परत गोठणार असं धरूनच चालायचं. ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे आणि हिच्यात दोन तास जातात, जाऊ द्यात.

जर्नल, म्हणजे मशीनची लॉगची वही, डिस्कवर ठेवा. बऱ्याच डिस्ट्रोंमध्ये सिस्टमडीचं जर्नल नुसतं मेमरीत असतं, रीबूट झाला की साफ. व्हार-लॉगच्या आत जर्नल नावाचं फोल्डर बनवून जर्नल सर्व्हिस रीस्टार्ट करा. मग पुढच्या वेळी जर्नलसीटीएलला वजा के आणि वजा बी वजा १ दिलं की मागच्या बूटचे कर्नल मेसेज मिळतील. पण डिस्कच अडकली असेल तर जर्नल तरी कुठं लिहिणार? माझं तेच झालं होतं. म्हणून पुढचं.

नेटकन्सोल लावा. कर्नलचे मेसेज यूडीपीवरून थेट दुसऱ्या पीसीवर जातात, डिस्कचा संबंधच नाही. पाठवणारा पोर्ट ६६६५, घेणारा ६६६६, घेणाऱ्या पीसीवर नेटकॅट (नेटवर्कवरून आलेलं पकडणारा छोटा प्रोग्राम) यूडीपी मोडमध्ये चालू ठेवून फाइलमध्ये वळवायचं. इथं लोक दोन ठिकाणी अडतात. एक, कन्सोलचं लॉगलेव्हल कमी असेल तर निम्मे मेसेज जातच नाहीत, डीमेसेज वजा एन ८ करा. दोन, मॅक ॲड्रेस द्यायचा राहिला किंवा चुकला की काही पोचेलच याचा भरवसा नाही, आणि पीसी राउटरच्या पलीकडं असेल तर पीसीचा नाही, गेटवेचा मॅक द्यावा लागतो. मी याच्यावर एक अख्खी दुपार घालवली. बीएमसीचं सिरियल ओव्हर लॅन चालू असेल तर ते याहून बरं, कारण त्याला नेटवर्क ड्रायव्हर पण लागत नाही, पण ते सेट करताना बायोस आणि कर्नल दोन्हीकडं स्पीड सारखा पाहिजे, सहसा १,१५,२०० ठेवतात.

सिसआरक्यू, म्हणजे गोठलेल्या कर्नललाही थेट हुकूम देणाऱ्या कीबोर्डच्या खास कळा, पूर्ण चालू करा. कर्नलचं सिसआरक्यू सेटिंग १ करून सिसकंट्रोलच्या फाइलमध्ये कायमचं टाका. उबंटूवर ते मुळात १७६ असतं, त्यात सिंक, रीड-ओन्ली रीमाउंट आणि रीबूट एवढंच चालतं, ट्रेस (सीपीयू कोडमध्ये कुठं आहे आणि कुठून तिथं आला त्याची यादी) काढायच्या कळा चालत नाहीत. म्हणजे ऐन वेळी तुम्ही कळा दाबत बसणार आणि काही होणार नाही.

सगळ्या सीपीयूंचा ट्रेस मागून ठेवा. सॉफ्टलॉकअप ऑल सीपीयू बॅकट्रेस आणि हार्डलॉकअप ऑल सीपीयू बॅकट्रेस ही दोन सेटिंग १ करा. नाही केलं तर फक्त ओरडणाऱ्या सीपीयूचा ट्रेस छापला जातो, आणि तो एकटा का उपयोगाचा नसतो ते पाचव्या पायरीत सांगतो.

केडंप बसवा. ग्रबमध्ये (लिनक्स सुरू करणारा प्रोग्राम) क्रॅशकर्नलसाठी मेमरी राखून ठेवायची, कर्नल पडलं की दुसरं छोटं कर्नल उठतं आणि पहिल्याच्या मेमरीचा फोटो व्हार-क्रॅशमध्ये ठेवतं. बसवला म्हणजे चालतो असं नाही. कारखान्याला सुट्टी असेल त्या दिवशी सगळे प्रोग्राम बंद करून सिसआरक्यू ट्रिगर फाइलमध्ये सी लिहा, मशीन मुद्दाम पाडा आणि फाइल बनली का बघा. माझी पहिल्यांदा बनली नाही, राखलेली मेमरी कमी पडली होती.

आता हार्डलॉकअप पॅनिक १ करायचं का, म्हणजे हार्ड लॉकअप दिसताच कर्नलनं स्वतःहून पडायचं का? माझ्या मते हो, आणि अननोन एनएमआय पॅनिक पण, नाहीतर चौथ्या पायरीतलं शेवटचं हत्यार चालणार नाही. सॉफ्टलॉकअप पॅनिक मात्र लगेच करू नका. सॉफ्ट लॉकअप कधी कधी आपोआप सुटतो, आणि पगाराच्या दिवशी चाळीस सेकंद अडकून सुटलेलं मशीन हे पगाराच्या दिवशी पडलेल्या मशीनपेक्षा कधीही बरं.

४. गोठलेला असताना: फक्त दहा मिनिटं मागून घ्या

मालक मागं उभे असतात, शिफ्टचे लोक उभे असतात, सगळ्यांचं म्हणणं एकच, बंद करून चालू करा की ओ. त्यांना सरळ सांगा, दहा मिनिटं द्या, नाहीतर परवा परत असंच उभं राहायला लागेल.

आधी स्क्रीनचा मोबाइलनं फोटो काढा. मग ऑल्ट आणि प्रिंटस्क्रीन दाबून धरून एकेक अक्षर, मध्ये पाच-दहा सेकंद सोडत:

एल: सगळे सीपीयू या क्षणी कुठं आहेत. दोन-तीन वेळा काढा, पंधरा सेकंदांच्या अंतरानं. तिन्ही वेळा जो सीपीयू त्याच जागी दिसतो, तो आपला.
डब्ल्यू: डी स्टेटमध्ये अडकलेली सगळी टास्क.
एम: मेमरीची स्थिती.
टी शक्यतो नको, हजारो टास्क छापत बसतं आणि आधीचं कामाचं वाहून जातं.

सिरियलवरून करत असाल तर आधी ब्रेक पाठवायचा मग अक्षर, आयपीएमआय टूलमध्ये (बीएमसीशी बोलायची कमांड) ब्रेकसाठी टिल्डे आणि कॅपिटल बी. एसएसएचचं एखादं सेशन आधीपासून उघडं राहिलं असेल तर नशीब, सिसआरक्यू ट्रिगर फाइलमध्ये रूट म्हणून अक्षर लिहिलं तरी तेच काम होतं.

कळा चालतच नसतील तर बीएमसीवरून चॅसिस पॉवर डायग द्या. यानं मशीनला एनएमआय जातो, कर्नल पॅनिक करतं आणि केडंप फोटो काढतो. पॉवर बटणापेक्षा हे शंभर पटीनं चांगलं.

हे सगळं झाल्यावर एस, यू, बी. सिंक, रीड-ओन्ली, रीबूट. आता करा चालू.

५. ओरडतो एक, अडवतो दुसरा

एकच सीपीयू असलेल्या मशीनमध्ये जो अडकला तोच गुन्हेगार. अनेक सीपीयूंच्या मशीनमध्ये तसं नसतं आणि मी नेमका इथंच चुकलो.

आपल्याकडं नळाला पाणी येतं तेव्हा काय होतं बघा. गल्लीत पहिल्या घरानं नळालाच मोटर लावली की पुढच्या सगळ्या घरांचे नळ कोरडे. आरडाओरडा कोण करतं? पुढची घरं. मोटरवाला गप्प असतो. स्पिनलॉकचं असंच आहे. कर्नलमधली एखादी यादी किंवा रांग एका वेळी एकानंच हाताळायची असते, म्हणून तिला कुलूप. एका सीपीयूनं कुलूप घेतलं आणि आत जाऊन अडकला, की बाकीचे दाराशी गोल गोल फिरत बसतात, आणि २० सेकंदांनी वॉचडॉग त्यांच्याच नावानं बोंब मारतो.

माझ्या पाच लॉकअपमध्ये ओरडणारे सीपीयू वेगवेगळे होते, एकदा ३, एकदा ११, एकदा २२. आम्हाला हार्डवेअर देणाऱ्या माणसानं स्क्रीनचे फोटो बघून सांगितलं, सीपीयू बदलत राहतोय म्हणजे रॅम. बदलली, १२ दिवसांनी परत गोठला. खरं म्हणजे सीपीयू बदलत राहतोय हाच पुरावा होता की तो सीपीयू निर्दोष आहे.

ट्रेस वाचताना हे बघा:

ओरडणाऱ्याच्या ट्रेसमध्ये वरच "क्यूड स्पिन लॉक स्लोपाथ" असेल तर तो दाराशी उभा आहे, त्याला सोडा. खालची ओळ बघा, कुठलं कुलूप मागतोय ते कळेल.

"एसएमपी कॉल फंक्शन मेनी" असेल तर हा सीपीयू बाकीच्यांना काहीतरी सांगून त्यांच्या होकाराची वाट बघतोय. मेमरीचा नकाशा बदलला की बाकीच्या सीपीयूंना जुनी नोंद पुसायला सांगावं लागतं आणि सगळे हो म्हणेपर्यंत थांबावं लागतं. एकानं इंटरप्ट बंद केलेले असले की हा अडकला. यालाही सोडा, गप्प बसलेला शोधा.

मग एलच्या यादीत बघा, आयडल (रिकामा) नाही आणि दाराशी पण उभा नाही असा कोण आहे. माझ्या पाचव्या लॉकअपला ३२ पैकी ९ सीपीयू दाराशी, २२ आयडल, आणि एकटा सीपीयू १४ रेड कार्डच्या ड्रायव्हरमध्ये, कार्ड रीसेट करून त्याच्या उत्तराची वाट बघत, कुलूप हातात धरून. तिन्ही ट्रेसमध्ये त्याच ओळीवर. मोटरवाला सापडला.

अजून दोन बारीक गोष्टी. ट्रेसमध्ये "टेंटेड" शब्दापुढं अक्षरं असतात. एल असेल तर याआधीच एक सॉफ्ट लॉकअप होऊन गेलाय, म्हणजे तुम्ही बघताय तो पहिला ट्रेस नाही, वर जाऊन पहिला शोधा, कारण पहिल्यात दम असतो, बाकीचे त्याची पिल्लं. एम असेल तर प्रोसेसरनं हार्डवेअरची तक्रार केलीय, सरळ सहाव्या पायरीवर जा. ओ असेल तर बाहेरचा ड्रायव्हर बसवलेला आहे.

दुसरं, कर्नलचा सीपीयू नंबर आणि मदरबोर्डवरचा सॉकेट यांचा मेळ तुम्हाला वाटतो तसा असेलच असं नाही. काही सर्व्हरवर सम नंबर एका सॉकेटवर आणि विषम दुसऱ्यावर असतात. एलएससीपीयू (सीपीयूंची माहिती दाखवणारी कमांड) मारून आत्ताच लिहून ठेवा.

(जाता जाता, लिनक्समध्ये एकापेक्षा जास्त सीपीयू १९९६ च्या २.० व्हर्जनपासून चालतात, तेव्हा अख्ख्या कर्नलला मिळून एकच मोठं कुलूप होतं. ते पूर्ण निघायला २०११ उजाडलं, २.६.३९. तेव्हा निदान कुलूप कुठलं हा प्रश्न नव्हता.)

६. हार्डवेअरला विचारा, पण क्रमानं

बीएमसीचा इव्हेंट लॉग आधी काढा, आयपीएमआय टूलला एसईएल ईलिस्ट द्यायचं. पंखा, तापमान, पॉवर सप्लाय, मेमरी सगळं त्यात असतं. इथला खड्डा म्हणजे बीएमसीचं घड्याळ. ते बऱ्याच वेळा यूटीसीवर असतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं. माझ्या लॉगमध्ये २० वाजून १२ मिनिटं अशी नोंद होती आणि मी आठवडाभर "रात्री आठला कारखान्यात काय चालतं" ते शोधत फिरलो. ती नोंद १ वाजून ४२ ची होती.

मग मेमरी. रासडीमन (हार्डवेअरच्या चुका नोंदवणारा प्रोग्राम) बसवून ठेवा, रास-एमसी-सीटीएल मध्ये एरर दिसतात. ईसीसी रॅममध्ये दुरुस्त झालेली एखादी चूक महिन्यातून दिसली तर घाबरू नका, पण त्याच डिमवर (रॅमच्या पट्टीवर) रोज आकडा वाढत असेल तर बदला. चूक दिसत नसताना नुसत्या संशयावर रॅम विकत घेऊ नका, हे मी पावती हातात धरून सांगतोय. फार वाटलं तर मेमटेस्ट रात्रभर चालवा.

लाइटचं: दोन पॉवर सप्लाय आहेत म्हणून निर्धास्त होऊ नका, दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डात खोचलेले मी तीन कारखान्यांत बघितलेत. न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये मल्टीमीटर लावा, दोन-तीन व्होल्टच्या वर जात असेल तर इलेक्ट्रिशियन बोलवा.

आणि उष्णता. सोलापूरचा एप्रिल-मे मी तुम्हाला सांगायला नको, पारा ४२-४३ ला टेकतो. सर्व्हरच्या तोंडाशी येणारी हवा १८ ते २७ डिग्री असावी अशी शिफारस असते, आणि बरेच सर्व्हर ३५ पर्यंतचे धरून बनवलेले असतात. लोक सीपीयूचं तापमान बघतात आणि समाधानी होतात. सीपीयू हुशार असतो, तापला की स्वतःचा वेग कमी करतो. रेड कार्ड आणि नेटवर्क कार्ड यांना एवढी अक्कल नसते, त्यांच्यावर नुसता ॲल्युमिनियमचा ठोकळा असतो, पंखा नाही, समोरच्या पंख्यांची हवा येईल त्यावर जगायचं.

ट्रेसमध्ये रेड कार्ड दिसल्यावर मी झाकण उघडलं. समोरच्या पंख्यांच्या जाळीवर कापसाचं तूस बसलेलं, इतकं दाट की कडेला नख घालून ओढलं तर अख्खं एकसंध निघालं, जाड कापडाच्या तुकड्यासारखं. रंग फिकट गुलाबी. त्या महिन्यात गुलाबी टॉवेलची ऑर्डर चालू होती. आत रेड कार्डच्या ठोकळ्याला बोट लावलं आणि झटक्यात काढलं.

पण मग दिवसा का गोठत नव्हता? वहीत सहाही वेळा दीड ते दोनच्या मध्ये. दीडला बॅकअप सुरू होतो म्हणजे कार्डवर सगळ्यात जास्त लोड, हे ठीक, पण बॅकअप तर जानेवारीतही होता. बीएमसीत तोंडाच्या हवेचं तापमान बघितलं तर रात्री दीडला ४१ आणि दुपारी तीनला २६! उलटं कसं? वॉचमन मामांना विचारलं. मामा म्हणाले, "ऑफिस सुटलं की सगळे एसी बंद करायचे म्हणून सांगितलंय की, वीजबिल येतंय लई." सर्व्हर रूमचा एसी पण ऑफिसच्याच एसींमध्ये मोजला जात होता.

म्हणजे साखळी अशी: एसी बंद, तूस बसलेलं, बॅकअपचा लोड, कार्ड तापून अडकलं, ड्रायव्हर कुलूप धरून त्याची वाट बघत बसला, बाकीचे सीपीयू दाराशी, आणि शिक्षा रॅमला.

७. कारण लगेच सापडत नसेल तर संशयित एकेक वेगळा काढा

एका वेळी एकच बदल. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि सुटलं, तर कशानं सुटलं ते देवालाच माहीत.

एकाच कोअरवर संशय असेल तर सिस फोल्डरमधल्या त्या सीपीयूच्या ऑनलाइन फाइलमध्ये शून्य लिहा, तो बाजूला होतो, रीबूट नको. सीपीयू शून्य मात्र एक्स८६ वर सहसा असा काढता येत नाही. हायपरथ्रेडिंगमुळं एका कोअरचे दोन नंबर असतात, दोन्ही काढा.

मशीन काम नसताना, रिकामं असताना गोठत असेल तर सी-स्टेटवर संशय घ्या, म्हणजे सीपीयूच्या झोपेच्या पायऱ्या. प्रोसेसर मॅक्स सीस्टेट १ देऊन आठवडाभर बघा, इंटेल असेल तर इंटेल आयडलचं मॅक्स सीस्टेट पण द्यावं लागतं. लॉगमध्ये क्लॉकसोर्स टीएससी अनस्टेबल (सीपीयूचं घड्याळ भरवशाचं नाही) दिसत असेल तर बायोस अपडेट आधी. नोएसएमटी देऊन हायपरथ्रेडिंग बंद करून बघता येतं. जुन्या सल्ल्यांमध्ये नोएपिक आणि एसीपीआय ऑफ सापडेल, आजच्या दोन सॉकेटच्या मशीनवर ते करू नका, लॉकअप राहील बाजूला आणि भलतंच निघेल.

फर्मवेअर अपडेट करायचंच, पण पुरावा गोळा केल्यावर.

८. सर्व्हर व्हर्च्युअल असेल तर

मग बऱ्याच वेळा तुमच्या कर्नलची चूकच नसते. खालच्या होस्टनं तुमच्या व्हर्च्युअल सीपीयूला २० सेकंद पळूच दिलं नाही तर आतल्या वॉचडॉगला वाटतं सीपीयू अडकला. स्नॅपशॉट घेताना, मशीन एका होस्टवरून दुसऱ्यावर हलवताना, किंवा होस्टवर भरमसाट व्हीएम कोंबले असतील तर असं होतं. टॉपमध्ये एसटीचा आकडा बघा, म्हणजे चोरीला गेलेला वेळ. व्हीएममध्ये सॉफ्टलॉकअप पॅनिक अजिबात चालू करू नका.

९. सपोर्टला काय पाठवायचं

"सर्व्हर हँग होतोय, लवकर बघा" असं पाठवलं तर "फर्मवेअर अपडेट करा" असं उत्तर येतं. पहिला ट्रेस, तिन्ही एल, डब्ल्यूचं आउटपुट, एसईएल लॉग, कर्नल आणि फर्मवेअरची व्हर्जनं, आणि वहीतल्या वेळा, एवढं एका फोल्डरमध्ये द्या. केडंपची फाइल पाठवायच्या आधी मालकांना विचारा, त्यात मेमरीतलं सगळं असतं, पासवर्ड, पगार, सगळं. स्वतः उघडायची असेल तर क्रॅश टूल आणि त्याच कर्नलच्या त्याच व्हर्जनची डीबगइन्फो लागते, एक आकडा इकडंतिकडं चालत नाही. उघडल्यावर बीटी वजा ए, म्हणजे सगळे सीपीयू काय करत होते ते.

१०. सुटल्यावर लावलेलं परत काढा

सर्व्हर रूमच्या एसीचं बटण आता आत आहे आणि त्यावर मराठी, तेलुगू, कन्नड तिन्हीत कागद लावलाय. जाळीला बाहेरून धुता येणारा फिल्टर लावलाय, दर शनिवारी झटकतो. कार्डचं फर्मवेअर पण केलं. त्यानंतर एक अख्खा उन्हाळा गेला, लॉकअप नाही.

नेटकन्सोल आणि केडंप राहू द्या. पण सातव्या पायरीतले प्रयोग आठवणीनं काढा, ग्रबमधली ओळ उघडून एकेक शब्द वाचा. माझं राहिलं होतं. महिनाअखेरीला अकाउंटच्या मॅडम आल्या, "सर, सर्व्हर दुरुस्त केला म्हणता, मग पहिल्यापेक्षा स्लो कसा झाला ओ?" मी म्हटलं वाटत असेल तुम्हाला. त्या गेल्यावर एलएससीपीयू मारलं. ऑनलाइन सीपीयू १६च. नोएसएमटी तसंच होतं.